मक्ते वेळेवर, संगणक अर्धवट

राष्ट्रीय आरोग्यसेवेच्या संगणकीकरणाचा अवाढव्य कार्यक्रम मोडीत काढत असल्याची घोषणा ब्रिटिश सरकारने सप्टेंबर २०११ मध्ये केली, तेव्हा त्या देशात फारसे कोणी चकित झाले नाही. इंग्लंडमधील कोणत्याही रुग्णाची नोंद कोणत्याही रुग्णालयातील डॉक्टरास पडद्यावर वाचता यावी, हा २००२ साली ब्लेअर सरकारने हाती घेतलेल्या या कार्यक्रमाचा हेतू. त्यात खोट काढण्यासारखे काही नव्हते. पैशाची चणचणही नव्हती. एकंदर खर्च १,२४० कोटी पौंड होईल, असा अंदाज राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने २००६ मध्ये वर्तविला होता. आणि असल्या कामास लागणारे मध्यवर्ती व्यवस्थापन कार्यालय नव्हते, असे तर मुळीच म्हणता येणार नाही. तेच सर्वांत बलवान होते.

त्याचे प्रमुख रिचर्ड ग्रेंजर यांच्या कारकीर्दीत इंग्लंडचे पाच विभाग पाडून ते चार कंपन्यांना दीर्घ मुदतीच्या मक्त्याने देण्यात आले. काम पुरे केल्याखेरीज पैसा नाही, ही कडक अट होती. मक्ते ज्या झपाट्याने उरकले त्याचे कौतुकही झाले. मात्र रुग्णालयांना विचारण्यात जो वेळ गेला असता, तो या झपाट्यात वाचविला गेला. दाखल झालेल्या रुग्णाची नोंद प्रथम कोण करतो, बदललेली औषधाची मात्रा परिचारिकेस कशी कळते, तपासणीचा अहवाल कोणाच्या सहीने पुढे सरकतो, या गोष्टी प्रत्येक रुग्णालयात निराळ्या असतात आणि मक्त्याच्या कागदात त्या मावत नाहीत. डॉक्टरांना ही यंत्रणा आपली वाटेना. कंपन्यांना सौदा परवडेना. ॲक्सेंचरने २००६ मध्ये अंग काढून घेतले. फुजित्सूचा मक्ता २००८ मध्ये संपुष्टात आला.

एप्रिल २००६ मध्येच संगणकशास्त्राच्या २३ प्राध्यापकांनी संसदेच्या आरोग्य समितीस जाहीर पत्र लिहून स्वतंत्र तपासणी मागितली होती. ती झाली नाही. मुदती पाळणे हे व्यवस्थापन कार्यालयाचे काम खरेच. पण ‘येथे थांबा’ असे बजावणे हेही त्याचेच काम. कार्यक्रमाची प्रतिष्ठा ती कार्यालयाची प्रतिष्ठा, असे एकदा झाले की हे बजावणार कोण? रुग्णनोंदींच्या यंत्रणेवर तोवर खर्चलेले २७० कोटी पौंड सत्कारणी लागले नाहीत, असा निर्वाळा लेखापरीक्षकांनी २०११ मध्ये दिला. क्ष-किरण चित्रे संगणकावर पाहण्याची व्यवस्था मात्र टिकली. हरवलेल्या फिल्म शोधून डॉक्टर आधीच कंटाळले होते!

भारताने सप्टेंबर २०२१ मध्ये देशभर सुरू केलेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमध्ये नोंदी एका कोठारात न भरता त्या जेथे तयार होतात तेथेच ठेवण्याचे धोरण आहे. ते अधिक शहाणपणाचे म्हटले पाहिजे. परंतु नागरिकांना किती १४ अंकी क्रमांक दिले, हे मोजणे कार्यालयांना सोपे असते. तालुक्याच्या रुग्णालयात बाह्यरुग्ण विभागापुढे सकाळपासून रांग लागते. तेथील कारकून आधी केसपेपर लिहितो आणि दुपारी तोच मजकूर संगणकात भरतो, असे होत असेल तर त्याचे काम दुप्पट झाले. मिशनच्या अहवालात असल्या कारकुनासाठी एखादा रकाना हवा.