गट्सचा सूड

१९८९ सालीं केंतारो मिउरा या जपानी चित्रकारानें 'बर्सर्क' ही चित्रकथा सुरू केली. (चित्रें भयंकर आहेत, लहानांनीं तीं पाहूं नयेत.) ज्या ग्रिफिथसाठीं नायक गट्स जिवावर उदार होऊन लढला, त्याच ग्रिफिथनें आसुरी सामर्थ्याच्या लोभानें आपले सारे सोबती राक्षसांस बळी दिले. गट्सचा डावा हात व एक डोळा गेला. त्याची प्रिया कास्का वांचली, पण तिचें भान हरपलें. क्षमेची आज्ञा आम्ही रोज प्रार्थनेंत ऐकतों; तरीहि एवढें सोसलेल्यास 'क्षमा कर' असें सांगण्यास आमची जीभ रेटत नाहीं.

आमचा आक्षेप निराळा आहे. सूडासाठीं निघतांना गट्सनें कास्काला गोदो लोहाराकडे ठेविलें, व दोन वर्षें तो तिकडे फिरकला नाहीं. परतून पाहतो तों ती निघून गेलेली! वृद्ध गोदोनें त्याची जी कानउघाडणी केली, ती आम्हांस साऱ्या लढायांहून मोलाची वाटते. ग्रिफिथ दंडास पात्र नाहीं असें कोण म्हणेल? पण भान हरपलेल्या कास्काजवळ बसून राहणें हें तरवार उपसण्याहून कठीण होतें, आणि तें टाळण्यासाठींच तर त्यानें सूडाची वाट धरली नसेल ना, अशी शंका आम्हांस येते. पुढें तो तिच्या शोधार्थ निघाला, तेव्हां कोठें तो आम्हांस नायक वाटला.