एसी लावलात, बेस्टला कळवलंत का?

लालबाग-परळची मंडळं गणपतीत मंडपासाठी बेस्टकडून तात्पुरतं कनेक्शन घेतात. अकरा दिवसांच्या रोषणाईसाठी रीतसर अर्ज, रीतसर मीटर. आता त्याच मंडळातल्या एखाद्या पोराच्या घरी मे महिन्यात एसी येतो तेव्हा काय होतं बघा. एसीवाला भिंतीला भोक पाडतो, ओळखीचा वायरमन बोर्डातून एक वायर ओढतो, संध्याकाळी खोली गार. बेस्टच्या दप्तरी मात्र त्या घरात अजून दोन ट्यूब आणि एक पंखाच!

मग कळवायचं कुणी? वायरमनला वाटतं घरचे सांगतील, घरच्यांना वाटतं वायरमनने बघितलं असेल. पागडीची खोली असेल तर घरमालकावर ढकलायचीही सोय आहे.

नियम इतका गोलमाल नाही. बल्ब, पंखा, फ्यूज, स्विच तसाच दुसरा बसवायचा तर कुणाला विचारायला नको. पण नवी लाइन टाकणं, वायरिंग बदलणं ही कामं राज्य सरकारचा परवाना असलेल्या कंत्राटदारानेच करायची. १९५६च्या वीज नियमांत हे होतं, केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३च्या नियमांतही आहे. भार वाढणार असेल तर अर्ज ग्राहकाने करायचा, म्हणजे बिलावर ज्याचं नाव त्याने. टेस्ट रिपोर्टवर सही कंत्राटदाराची.

आणि गिरगावातल्या कित्येक बिलांवर नाव असतं आजोबांचं, जे जाऊन वर्षं झाली. आधी नाव बदला, मग भार वाढवा. एवढे खेटे कोण घालणार? इथे मला लोकांपेक्षा व्यवस्थेचा राग येतो. इंग्लंडमध्ये २००५पासून नोंदणीकृत इलेक्ट्रिशियन स्वतःच काम प्रमाणित करतो आणि त्याच्या संस्थेमार्फत ते कळवलं जातं. घरच्यांच्या हातात नुसतं सर्टिफिकेट येतं. आपल्याकडे हे का नको?

तोवर थोडा हिशेब करा. दीड टनी एसी साधारण दीड किलोवॅट, गीझर दोन, इंडक्शन दोन. सकाळी तिन्ही एकदम चालू म्हणजे साडेपाच किलोवॅट, २३० व्होल्टला जवळजवळ २४ अँपिअर. जिन्याखालच्या मीटरपासून तुमच्या खोलीपर्यंत आलेली जुनी वायर एवढ्यासाठी टाकलेलीच नव्हती. ती तापते, इन्सुलेशन कडक होऊन तडकतं. वर जिना लाकडी, आणि खाली उतरायची वाट बहुतेकदा तीच. एसी तुमचा असला तरी धूर तिसऱ्या मजल्यावरच्या आजींच्या खोलीतही जाणार.

तेव्हा घरातलं बिल आज नीट बघा. नाव कुणाचं, मंजूर भार किती? घरातल्या उपकरणांवर छापलेले वॅट जुळवून बघा. आणि पुढच्या वेळी वायरमन आला की आईबाबांच्या आधी तुम्हीच विचारा, ‘काका, लायसन्स नंबर काय तुमचा?’ काका नुसतेच हसले, तर दुसरा बघा.