आधी हवेची वाट, मग रंग

विद्यार्थ्यांनी स्वतःच्या हातांनी प्रतिकृती घडवाव्यात, हा शिक्षणातील एक उत्तम संस्कार आहे. पुस्तकात वाचलेला किल्ला, पुठ्ठ्याचा का होईना, आपल्या बोटांखाली उभा राहिला म्हणजे त्याचे बुरूज, खंदक आणि दरवाजे यांचा अर्थ जसा उमगतो, तसा तो पाठांतराने कधीच उमगत नाही. आपल्या मैलूरच्या मुलांना तर या कामी विषयांची वाण नाही. बीदरचा किल्ला, महमूद गवानाचा मदरसा आणि अष्टूरचे बहामनी घुमट अगदी जवळ आहेत. मान वर करावी तो हवाई दलाच्या तळावरची विमाने दिसतात. १९९६ साली स्थापन झालेले ‘सूर्यकिरण’ पथक याच तळावरचे. त्याची तांबडी-पांढरी विमाने लाकडात वा प्लास्टिकात उतरवण्याचा मोह कोणत्या मुलास होणार नाही?

प्रतिकृती घडली की ती रंगवण्याची वेळ येते, आणि येथेच आजच्या लेखाचा प्रश्न उभा राहतो. पूर्वी हे काम कुंचल्याने होई. आता बाजारात रंगाचे फवारे मारणारे डबे मिळतात, एअरब्रश आणि त्याला जोडण्याचे लहान कॉम्प्रेसरही मिळतात. फवाऱ्याची ओढ अनाठायी आहे असे नाही. मूळ वस्तूच्या बहात्तराव्या हिश्शाने केलेल्या विमानावर कुंचल्याने दशांश मिलिमीटर जाडीचा थर बसला, तर खऱ्या विमानाच्या हिशेबाने तो सात मिलिमीटरांहून जाड लेप झाला! फवाऱ्याने रंग पातळ व एकसारखा बसतो, पत्र्यांचे सांधे बुजत नाहीत, कुंचल्याचे ओरखडे उठत नाहीत. म्हणून मुले फवाऱ्याकडे वळतात, आणि वळावीत. माझे म्हणणे एवढेच आहे की, ज्या शाळेला फवारा हवा असेल तिने त्याआधी फवारणीची पेटी करावी. कारखान्यांत जिला स्प्रे बूथ म्हणतात, तिची ही लहान आवृत्ती. आपण तिला सोयीसाठी फवारपेटी म्हणू. ही पेटी नसेल तर फवाराही नको, असे मी स्पष्ट म्हणेन.

फवाऱ्याचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या टोलेडो गावी ॲलन डेव्हिल्बिस नावाचे डॉक्टर होते. रोग्याच्या घशात औषधाचे सूक्ष्म तुषार पोचावेत म्हणून त्यांनी १८८८ च्या सुमारास एक फवारायंत्र तयार केले. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांच्याच मुलाने त्या कल्पनेतून रंगाची फवारबंदूक घडवली. जे तत्त्व औषध घशाच्या आत पोचवण्यासाठी शोधले गेले, तेच रंगालाही घशाच्या आत पोचवते, यात नवल ते काय? तुषारांना औषध कोणते आणि विष कोणते हे कळत नाही. श्वासाबरोबर आत जाणे एवढाच त्यांचा धर्म.

कुंचल्याचा रंग वस्तूवर राहतो. फवाऱ्याच्या रंगाचा बराचसा भाग वस्तूला चुकवून हवेत तरंगतो. त्यात दोन निराळ्या गोष्टी असतात, आणि त्यांतला भेद विद्यार्थ्यांनी नीट ध्यानी घ्यावा. एक, रंगाचे सूक्ष्म कण. दुसरी, रंग पातळ करणाऱ्या थिनरची वाफ. कण गाळणीने अडतात, परंतु वाफ साध्या गाळणीतून जशीच्या तशी पार होते. या वाफेने डोके दुखते, घेरी येते, मळमळते. शिवाय ती पेट घेणारी असते. पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक रंग वापरल्यास वाफेचा त्रास पुष्कळ कमी होतो, पण कण राहतातच. रंगाची निवडही डोळसपणे केली पाहिजे. घरगुती व सजावटीच्या रंगांत शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० हून अधिक नसावे, असा नियम आपल्या देशात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. औद्योगिक वापराच्या रंगांना मात्र तो नियम बांधत नाही. म्हणून कोठल्या तरी कारखान्यातून उरलेला डबा फुकट मिळाला, तरी तो शाळेत आणू नये. मोटारींना देतात ते दोन भाग मिसळून तयार होणारे रंग तर कटाक्षाने वर्ज्य समजावेत. त्यांतील आयसोसायनेट नावाच्या द्रव्यांनी दमा जडतो.

यावर काही आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, वर्षातून दोन दिवसांचे तर काम, त्यासाठी एवढा खटाटोप कशाला? पेणच्या गणेशमूर्तींच्या कारखान्यांतून कारागीर महिनोन्महिने फवाऱ्याने रंगकाम करतात. त्यांच्या मानाने आपला विद्यार्थी रंग किती घेतो? हिशेब म्हणून हे खरे आहे. पण कारागीर प्रौढ असतो व पोटासाठी ते काम पत्करतो, तर मूल आपल्या विश्वासावर शाळेत येते. शिवाय प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी एकाच बंद खोलीत वीस-पंचवीस मुले दाटलेली असतात. रंगवतो एक आणि श्वास घेतात सगळे.

दुसरा आक्षेप असा की, नाकाला रुमाल बांधला की झाले. रुमालाने थोडे जाडसर कण अडतील, वाफ मुळीच अडणार नाही. तिसरा आक्षेप अधिक विचारार्ह आहे: पेटीपेक्षा मोकळे मैदान काय वाईट? मैदान बंद खोलीपेक्षा केव्हाही बरे, हे मी मान्य करतो. परंतु आपल्याकडची तांबडी धूळ ओल्या रंगावर बसल्यावाचून राहत नाही, आणि वारा फिरला की तोच रंग उलट तोंडावर येतो. मग मुले कंटाळून पुन्हा खोलीत शिरतात, असा अनुभव आहे.

हवेची वाट आधी करावी, हा विचार आपल्या भूमीला नवा नाही. नौबादचा करेज, ज्याला लोक सुरंगबावी म्हणतात, तो बहामनी काळात, पंधराव्या शतकात खोदला गेला. जमिनीखालून पाणी वाहून नेणाऱ्या या भुयारावर ठिकठिकाणी विहिरींसारखी उभी तोंडे ठेवलेली आहेत. त्यांतून माती वर निघे आणि खाली काम करणाऱ्यांना उजेड व हवा मिळे. पाणी गावाला मिळायचे होते, पण खोदणाऱ्याचा श्वास आधी सांभाळावा लागला. ज्या मुलखात पाचशे वर्षांपूर्वी हे शहाणपण होते, तेथील शाळेने पुठ्ठ्याचा किल्ला रंगवताना ते विसरावे काय?

आता पेटी विकत घ्यावी की बांधावी? तयार घडीच्या पेट्या मिळतात आणि त्या दिसायला सुबकही असतात. परंतु पुष्कळांचा पंखा दुबळा असतो. शाळेने ती बांधावी हे उत्तम, कारण ती बांधताना मुले जे गणित व विज्ञान शिकतील, ते विकतच्या पेटीत मिळत नाही.

गणित सोपे आहे. पेटीचे तोंड दोन फूट रुंद व दीड फूट उंच धरले, तर क्षेत्रफळ तीन चौरस फूट झाले. तोंडाशी हवा आत ओढली जाण्याचा वेग मिनिटाला सुमारे १०० फूट असावा, हा कारखान्यांतला रूढ अंदाज आहे. म्हणजे मिनिटाला ३०० घनफूट, अर्थात ताशी सुमारे ५१० घनमीटर हवा खेचली गेली पाहिजे. पंख्यावर छापलेला आकडा मोकळ्या हवेतला असतो. गाळणी आणि नळी जोडली की तो बराच घटतो. म्हणून छापील आकडा या हिशेबाच्या दीडपट-दुपटीचा पाहून घ्यावा. संगणकातला लहान पंखा येथे कुचकामी ठरतो. भिंतीत बसवतात त्या साध्या पंख्यापेक्षा, ज्याची मोटर हवेच्या प्रवाहाबाहेर असते असा ब्लोअर श्रेयस्कर. तो नळीतून अधिक जोमाने हवा ढकलतो, आणि मोटरची ठिणगी थिनरच्या वाफेत पडण्याचा धोका टळतो. या धोक्याला कोणी हसू नये. सतराव्या शतकाच्या अखेरीस दारूच्या स्फोटाने गवानाच्या मदरशाची दर्शनी बाजू अर्धीअधिक कोसळली. आजही ती तशीच उभी आहे आणि निष्काळजीपणाचे मोल सांगते आहे.

पेटीचे सांगाडे पत्र्याचे असावेत. मागच्या बाजूस कृत्रिम तंतूंची जाड गाळणी, तिच्यामागे ब्लोअर, आणि त्यापुढे सहा इंचांहून अरुंद नसलेली नळी. नळी आखूड व शक्यतो सरळ असावी, कारण प्रत्येक वळण हवेला अडवते. तिचे तोंड खोलीबाहेर, आणि वर्गाच्या खिडकीपासून वा शेजाऱ्याच्या अंगणापासून दूर निघावे. खोलीची समोरची खिडकी उघडी ठेवावी. बाहेरून हवा आत आली नाही, तर पंखा बिचारा काय खेचणार? छतावरचा पंखा बंद करावा. मग रंग व थिनर खोलीबाहेर ठेवून पेटीच्या तोंडाशी उदबत्ती धरावी. धूर सरळ आत ओढला गेला तर पेटी साधली. तो घुटमळला वा तोंडाकडे परतला, तर काम अपुरे आहे. गाळणी रंगाने भरली की बदलावी. आणि एवढे सारे झाले तरी फवारणीच्या वेळी गुरुजी वा बाई जवळ हव्यातच.

ज्यांना हा खर्च परवडत नाही त्या शाळांनी खंत करू नये. त्यांनी कुंचला व पाण्याचे रंग वापरावेत. धीराने पातळ थर दिले तर कुंचल्यानेही सुंदर काम होते. मात्र परीक्षकांना एक विनंती आहे. प्रदर्शनात केवळ चकाकी पाहून गुण देऊ नका. प्रतिकृती कोठे व कशी रंगवली, हे मुलास विचारा आणि त्या उत्तरालाही गुण ठेवा. गुणांचा कल तिकडे झुकला की शाळांचेही लक्ष आपोआप तिकडे वळेल.

प्रतिकृती प्रदर्शनानंतर कपाटात जाते, तिच्यावर धूळ बसते, एके दिवशी ती मोडतेही. ती करणाऱ्या मुलाची फुप्फुसे मात्र त्याला जन्मभर पुरवायची असतात. ज्याला उद्या खरे विमान उडवायचे आहे, त्याने आज खेळातले विमान रंगवताना आपला श्वास गहाण ठेवू नये.