मारहाण हेही दुखणेच

दवाखान्यात येणाऱ्या बाया एक वाक्य हमखास सांगतात, ‘मोरीत पाय घसरला.’ मोरीत घसरून मनगट मोडते, गुडघा सुजतो. पण गळ्यावर बोटांचे वळ उठत नाहीत. डॉक्टरला ते कळते. सोबत आलेल्या सासूलाही ठाऊक असते.

बायकोला मारण्यात वावगे काय, असे फक्त पुरुषच म्हणतात असे नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत न सांगता बाहेर जाणे, स्वयंपाक नीट न करणे, सासूसासऱ्यांचा मान न राखणे अशी सात कारणे विचारली होती. यांपैकी एका तरी कारणासाठी मारणे योग्य, असे देशातील ४५ टक्के स्त्रिया आणि ४४ टक्के पुरुषांनी सांगितले. नांदेड-लातूरच्या घरांतही हा विचार परका नाही.

या समजुतीपायी दुखणे लपते. कानाचा पडदा फाटला तरी बाई उशिरा येते. झोप उडते, धडधड होते, मन खचते. आणि ती ‘अशक्तपणा’ म्हणून सलाईन मागते. गरोदरपणी पोटावर मार बसला तर गर्भही दगावू शकतो.

भगिनींनो, डॉक्टरांशी एकटीने बोला, खरे कारण सांगा आणि ते कागदावर नोंदवून घ्या. २००५ च्या कायद्याने तुम्हाला संरक्षण मागता येते, राहत्या घरात राहण्याचा हक्कही मिळतो. १८१ या क्रमांकावर मदत मिळते. आणि आईवडिलांनो, माहेरी आलेल्या लेकीला ‘तुझे काय चुकले?’ असे विचारू नका. आधी तिला दवाखान्यात न्या.