कुलगुरू महोदय, कामावरच्या माणसांना हे शिकवा

मा. कुलगुरू,
डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ,
छत्रपती संभाजीनगर

महोदय,


२०२४च्या मे महिन्यात जायकवाडीचा जिवंत साठा दहा टक्क्यांच्या खाली गेला होता आणि जिल्ह्यातली गावेच्या गावे टँकरवर होती. २०२५चा सप्टेंबर सरताना त्याच धरणाचे दरवाजे उघडून गोदावरीत इतके पाणी सोडावे लागले, की पैठणच्या सखल वस्त्यांतली माणसे हलवावी लागली. मध्ये जेमतेम सोळा महिने गेले. आधी टँकरच्या फेऱ्या मोजणारा आणि नंतर वाहून गेलेल्या शेताचा पंचनामा करणारा कर्मचारी बहुतेक गावांत एकच होता. तोच तलाठी, तोच कृषी सहायक. वर तालुक्याला तोच शाखा अभियंता. या लोकांच्या शिक्षणासाठी मी हे पत्र लिहीत आहे.

मी आपल्याच विद्यापीठातून पर्यावरणशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेतली आणि याच शहरात पर्यावरण सल्लागार म्हणून काम करते. पाण्याचे नमुने तपासणे, हवेची मोजणी, सांडपाण्यावरची प्रक्रिया हे सारे आम्हाला मन लावून शिकवले गेले आणि त्यावरच आमची भाकरी चालते. पण आता लोक वेगळे प्रश्न घेऊन येतात. पाणी दोन महिने आलेच नाही तर कारखाना कसा चालवायचा? नाल्यावरचा पूल किती उंच घ्यायचा? गावच्या पाझर तलावाचा सांडवा पुढच्या ढगफुटीला पुरेल का? हे प्रश्न येणाऱ्या पावसाचे आहेत आणि आमच्या हातातली गणिते होऊन गेलेल्या पावसाची.

नदीकाठच्या निळ्या आणि लाल पूररेषा घ्या. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल. दोन्ही रेषा जुन्या नोंदींवरून आखल्या जातात आणि त्यांच्या भरवशावर बांधकामाला परवानगी मिळते. पण आठवडाभराचा पाऊस एका रात्रीत कोसळू लागला, की ‘शंभर वर्षांतून एकदा’ या हिशेबाचा पायाच हलतो. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात. त्यासाठी मंडळामंडळांत पर्जन्यमापक आहेत, रोजच्या नोंदी होतात. त्यांचा उपयोग बहुतांशी नुकसानभरपाईपुरता होतो. त्याच नोंदी घेऊन सांडव्याची रुंदी नव्याने काढणे, पेरणीची तारीख पुढेमागे करणे, पुलाचा गाळा वाढवणे, हे कौशल्य शिकवावे लागते. आज ते मराठवाड्यात कामावरच्या माणसाला शिकवणारा नियमित वर्ग मला तरी कुठे दिसत नाही.

शिक्षणावाचून केलेला उपाय उलटतो. शेततळ्याचेच पाहा. २०१६ साली ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली. पावसाचे वाहून जाणारे पाणी अडवावे, खंड पडला की पिकाला एखादे संरक्षित पाणी द्यावे, हा विचार उत्तम होता. मात्र अनेक ठिकाणी तळ्याला प्लास्टिकचे अस्तर लागले आणि ते भरायला विहीर-बोअरचे पाणी उपसले जाऊ लागले. म्हणजे बेसाल्टच्या भेगांत, उन्हापासून सुरक्षित असलेले सगळ्यांचे पाणी वर काढून एकाच्या बांधावर उन्हात ठेवले. मार्च-एप्रिलमध्ये त्यातले बरेचसे वाफ होऊन जाते आणि शेजारच्या विहिरी आधीच तळाला गेलेल्या असतात. त्या शेतकऱ्याला मी दोष देत नाही. २०१२-१३च्या दुष्काळात जालन्याच्या मोसंबीच्या बागा डोळ्यांदेखत जळालेल्या त्याने पाहिल्या आहेत. बाग वाचवायला तो हाताला येईल ते करणार. पण योजना आखणाऱ्या, मंजूर करणाऱ्या आणि मापपुस्तिकेत नोंद करणाऱ्या साखळीत कुणालाच हा प्रश्न विचारायला शिकवलेले नव्हते, की हे पाणी येणार कुठून? जलयुक्त शिवार योजनेतल्या नाला खोलीकरणाचा वादही याच जातीचा. माथ्यावरचे समतल चर सोडून पायथ्याला यंत्रे लावली, की खोदाई दिसते आणि मुरणे दिसत नाही.

उलट उदाहरणही आपल्या हाकेवर आहे. जालना जिल्ह्यातले कडवंची. तिथे माथा ते पायथा पाणलोटाची कामे झाली, खरपुडीचे कृषी विज्ञान केंद्र आणि विजयअण्णा बोराडे यांच्यासारखी माणसे वर्षानुवर्षे गावासोबत राहिली आणि कमी पावसाच्या वर्षांतही द्राक्षबागा उभ्या राहिल्या. पण शेततळ्यांची आणि द्राक्षांची ही वाढ पुढच्या सलग दोन कोरड्या वर्षांना पेलेल का, भूजल किती ताण सहन करील, हे प्रश्न कडवंचीलाही लागू आहेत. एखाद्या विद्यार्थ्याने याच गावावर प्रबंध लिहावा, इतके तिथे शिकण्यासारखे आहे.

म्हणून माझी मागणी आहे, की विद्यापीठाने हवामान बदलाशी जुळवून घेण्याच्या कामाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू करावा, आणि तो मुख्यतः नोकरीत असलेल्यांसाठी असावा. जलसंपदा, मृद व जलसंधारण, कृषी, भूजल सर्वेक्षण, नगरपालिका, आरोग्य, उद्योगांतले पर्यावरण अधिकारी, स्वयंसेवी संस्थांचे कार्यकर्ते हे त्याचे विद्यार्थी. वर्ग शनिवार-रविवारी भरावेत, खरिपाच्या धांदलीत सुट्टी असावी. शिकवणे आणि परीक्षा मराठीत. या विषयाची पुस्तके आणि अहवाल इंग्रजीत आहेत हे खरे. पण ज्याला ग्रामसभेत उभे राहून पीकबदल समजावून सांगायचा आहे, त्याने तो मराठीतच समजून घेतलेला बरा.

मुंबईला टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत आणि आयआयटीत हा विषय शिकवला जातो, पुण्याला उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आहे. त्या संस्थांबद्दल मला आदर आहे. पण बदनापूरचा मंडळ कृषी अधिकारी दोन वर्षांची रजा टाकून मुंबईला जाणार नाही. आणि तिथला अभ्यासक्रम उचलून इथे आणला तरी भागणार नाही. सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, खाली पाणी फारसे न धरणारा कातळ, वरच्या धरणांवर अवलंबून असलेले जायकवाडी, हे आपले प्रश्न आहेत. १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्के साठा नसेल तर नाशिक-नगरच्या धरणांतून पाणी सोडायचे, हे समन्यायी वाटपाचे सूत्र आणि त्यावरून चाललेले कोर्टकज्जे हा तर एका सत्राचा पूर्ण विषय आहे. त्यात जलविज्ञान आहे, कायदा आहे, राजकारण आहे. वाळूजच्या पत्र्याच्या शेडखाली उन्हाळ्यात पाळी करणाऱ्या कामगारांचा ताप आणि खाम नदीचे पुनरुज्जीवन, हे विषय तर शहराच्या हद्दीतच आहेत.

शिक्षक कुठून आणणार, अशी शंका कुणी काढील. या शहरात कांचनवाडीला जल व भूमी व्यवस्थापन संस्था (वाल्मी) आहे, गोदावरी मराठवाडा पाटबंधारे विकास महामंडळाचे मुख्यालय आहे. परभणीला कोरडवाहू शेतीवर हयात घालवलेले कृषी विद्यापीठातले शास्त्रज्ञ आहेत. स्टॉकहोम जल पुरस्काराचे मानकरी डॉ. माधवराव चितळे यांनी याच शहरात राहून पाण्याचा विचार लोकांपर्यंत नेला. २०२२पासून विद्यापीठ अनुदान आयोगाने अनुभवी व्यावसायिकांना ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ म्हणून नेमण्याची मुभा दिली आहे. निवृत्त अभियंते आणि जलसंधारणात केस पांढरे झालेले कार्यकर्ते त्या वाटेने वर्गात येऊ शकतात. अर्थशास्त्र आणि समाजशास्त्र विभागांनाही यात घ्यावे लागेल, कारण दुष्काळात आधी कोण गाव सोडते आणि पुरानंतर पंचनाम्यातून कोण सुटते, याचे उत्तर पर्जन्यमापकात मिळत नाही. भूमिहीन मजूर, ऊसतोडीला जाणारी कुटुंबे, सातबारावर नाव नसलेली बाई यांच्यासाठी जुळवून घेणे म्हणजे काय, हे बाबासाहेबांचे नाव लावणाऱ्या विद्यापीठाने अभ्यासक्रमाच्या मध्यभागी ठेवले पाहिजे.

ढाक्याचे उदाहरण मला धीर देते. सलीमुल हक यांनी २००९ साली तिथल्या एका विद्यापीठाच्या आश्रयाने हवामान बदलाचे केंद्र उभारले आणि पूर-वादळे सोसणाऱ्या देशात जगभरचे कार्यकर्ते शिकायला येऊ लागले. दुष्काळ आणि अतिवृष्टी दोन्ही सोसणाऱ्या दख्खनच्या पठारासाठी ते काम मराठवाड्याने करावे.

प्रबंधाची एक अट मात्र घालावी. विद्यार्थ्याने आपल्याच तालुक्यातले एक पाणलोट किंवा एक वॉर्ड घ्यावा, तिथला आराखडा करावा आणि पदवी मिळण्याआधी तो ग्रामसभेत किंवा वॉर्डातल्या लोकांसमोर मांडावा. लोकांचे आक्षेप आणि त्यांना दिलेली उत्तरे प्रबंधातच छापली जावीत.

हा विषय विद्या परिषदेच्या पुढच्या बैठकीत घ्यावा आणि पहिली तुकडी येत्या शैक्षणिक वर्षात, तीस जणांची का होईना, सुरू करावी. शासनाने आपल्या कर्मचाऱ्यांना प्रतिनियुक्तीवर पाठवावे आणि त्यांचे शुल्क भरावे, यासाठी आपण स्वतः मंत्रालयात शब्द टाकावा. अभ्यासक्रमाचा मसुदा करायला आणि क्षेत्रकामाची गावे ठरवायला आम्ही काही माजी विद्यार्थी वेळ द्यायला तयार आहोत. आपण दिवस कळवावा, आम्ही विद्यापीठात येतो.

आपली,
पर्यावरणशास्त्र विभागाची एक माजी विद्यार्थिनी