अल्-सूफींचे काम आणि घरची स्मार्ट दुर्बीण

शाबानच्या २९ तारखेला मगरिबनंतर अख्खे घर गच्चीवर असते. मुलांना आपण अभिमानाने सांगतो की अल्देबरान, रिगेल, अल्गोल ही ताऱ्यांची नावे अरबीतून आली आहेत. चाँद दिसला की सगळे खाली उतरतात. ताऱ्यांकडे मग महिनाभर कोणी पाहत नाही.

अब्दुर्रहमान अल्-सूफी मात्र नुसत्या नावांवर थांबले नाहीत. इ.स. ९६४च्या सुमारास इराणमध्ये लिहिलेल्या ग्रंथासाठी त्यांनी टॉलेमीच्या यादीतले तारे स्वतःच्या डोळ्यांनी पुन्हा तपासले. कोणता किती तेजस्वी, हे ठरवले आणि पटले नाही तिथे बदलले. देवयानी तारकासमूहातला एक धूसर ठिपका त्यांनी ‘छोटा ढग’ म्हणून नोंदवला. ती आपल्या शेजारची दीर्घिका, सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे दूर.

तोच ढग आज स्मार्ट दुर्बीण मोबाईलवर दाखवते. या दुर्बिणीला डोळा लावायची जागाच नसते. ती आकाशाचा फोटो घेते, स्वतःजवळच्या नकाशाशी ताडते आणि आपोआप हव्या त्या दिशेला वळते. मग काही सेकंदांचे अनेक फोटो एकावर एक रचते, म्हणून कोल्हापूरच्या उजेडातही अंधूक वस्तू उमटतात. वस्तू स्वस्त नाही. तीन-चार घरांनी मिळून घ्यावी. पण फोटो स्टेटसला लावून दुर्बीण कपाटावर ठेवायची असेल, तर न घेतलेली बरी.

खरे काम आहे रूपविकारी ताऱ्यांचे, म्हणजे ज्यांचे तेज कमी-जास्त होते त्यांचे. असे तारे इतके आहेत की मोठ्या वेधशाळा सगळ्यांवर रोज नजर ठेवू शकत नाहीत. अमेरिकेतली ‘एएव्हीएसओ’ ही संस्था १९११पासून जगभरच्या हौशी निरीक्षकांच्या नोंदी गोळा करते. बंगालमधले राधागोविंद चंद्र सरकारी खजिन्यात नोकरी करत. त्यांनी या संस्थेला ३७ हजारांहून अधिक नोंदी पाठवल्या. आजही अशा नोंदी कोणीही पाठवू शकतो. शाळकरी मुलगीसुद्धा.

सुरुवात अल्गोलपासून करावी, त्याला दुर्बीणही लागत नाही. मराठीतल्या ययाती तारकासमूहात हा अरबी ‘अल्-गूल’ बसला आहे. दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी त्याचे तेज जवळपास एक तृतीयांशावर येते, कारण एक तारा दुसऱ्याला झाकतो. हे कारण १७८३मध्ये सुचवणारा इंग्लंडचा जॉन गुडरिक अठरा वर्षांचा होता आणि त्याला ऐकू येत नव्हते.

पावसाळा संपला की नोव्हेंबरात इशानंतर ईशान्येला पाहावे. शेजारच्या ताऱ्यांशी अल्गोलची तुलना करून वहीत तारीख, वेळ आणि अंदाज लिहावा. हात बसला की अंधूक ताऱ्यांसाठी दुर्बीण लावावी. तेव्हा ॲपने सजवलेले चित्र उपयोगाचे नाही; मोजणीसाठी मूळ फोटो साठवण्याची सोय सेटिंगमध्ये आधीच चालू करावी. आणि योग्य फिल्टरशिवाय दुर्बीण सूर्याकडे कधीच वळवू नये.

ज्या रात्री काही दिसले नाही, त्या रात्री वहीत ‘ढग’ एवढे लिहिले तरी चालते.