आधी तोडण्याची तयारी, मग जोडणी

घरातला एमसीबी पडला की आपण स्टुलावर चढतो आणि खटका वर करतो. त्याचाच थोरला भाऊ कारखान्याच्या, मॉलच्या किंवा मोठ्या रुग्णालयाच्या पॅनेल रूममध्ये असतो. त्याचं नाव एअर सर्किट ब्रेकर, म्हणजेच एसीबी. घरातले एमसीबी बहुतेक 6 ते 32 अँपिअरचे. एसीबी साधारण 630 ते 6300 अँपिअरचा! कारखान्यातल्या 415 व्होल्टच्या विजेला तांत्रिक भाषेत ‘लो व्होल्टेज’ म्हणतात, पण जीव घ्यायला ती पुरेशी असते.

एसीबी नुसतं बटण दाबून चालू होत नाही. आधी समोरचा दांडा खाली-वर करून आतली जाड स्प्रिंग ‘चार्ज’ करावी लागते. बऱ्याच ठिकाणी हे काम छोटी मोटर करते. मग ‘ऑन’ दाबलं की स्प्रिंग सुटते आणि काँटॅक्ट धाडकन जुळतात. खरी गंमत पुढेच आहे. त्याच झटक्यात काँटॅक्ट उघडणाऱ्या स्प्रिंगाही ताणल्या जातात आणि एका खिटीवर अडकून राहतात. म्हणजे जोडणी झाली त्याच क्षणी तोडण्याची तयारीही पूर्ण! नंतर वीज असो वा नसो, खिटी सुटली की ब्रेकर उघडणारच. दोष असताना कुणी ‘ऑन’ दाबून धरलं, तरीही तो उघडतो.

काँटॅक्ट दूर गेले तरी करंट हट्ट सोडत नाही. हवेतूनच तो हजारो अंश तापमानाची आर्क काढतो. तिच्या वर ओळीने लोखंडी पट्ट्या बसवलेल्या असतात. त्यांत शिरल्यावर आर्कचे तुकडे होतात आणि ती थंडावते. आपल्या 50 हर्ट्झच्या विजेचा प्रवाह सेकंदाला 100 वेळा शून्यावर येतो; अशाच एका शून्याला आर्क विझते. हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत.

कधी पडायचं हे ट्रिप युनिट ठरवतं. मोटर सुरू होताना काही सेकंद जास्त करंट घेते, तेवढं ते सोसतं. शॉर्ट सर्किटला मात्र एवढी सवलत नाही.

ब्रेकर पडला की उत्पादन थांबतं, फोन खणखणू लागतात. मग कुणीतरी म्हणतं, “सेटिंग जरा वाढवा ना!” पण सेटिंग वाढवल्याने केबल जाड होत नाही. ती तापत राहते आणि आग तिथूनच लागते. म्हणून आधी दोष शोधायचा. केबलला हात लावण्यापूर्वी ब्रेकर ‘आयसोलेटेड’ स्थितीत बाहेर ओढायचा, कुलूप लावायचं, किल्ली काम करणाऱ्याच्याच खिशात ठेवायची आणि वीज खरंच गेली आहे ना, हे तपासायचं.

घरीही हाच नियम. “सारखा पडतोय, मोठा एमसीबी टाकू,” असं कुणी म्हणालं, तर एकच प्रश्न विचारा: “वायर तेवढी जाड आहे का?”